पदवीच्या आधीचं एक वर्ष

१ नोव्हेंबर १९७९ रोजी ब्रिटिश सरकारने पुढच्या वर्षाच्या खर्चाची श्वेतपत्रिका काढली. मार्गारेट थॅचर पंतप्रधान होऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते आणि काटकसर हा नव्या सरकारचा परवलीचा शब्द होता. परदेशातून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना यापुढे सरकारी तिजोरीतून काहीही मिळणार नाही, त्यांच्या शिक्षणाचा पूर्ण खर्च त्यांनीच भरायचा, असं त्या श्वेतपत्रिकेत म्हटलं होतं. तोवर पदवीच्या परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला हजार पौंडांच्या आत होती. १९८०-८१च्या वर्षासाठी किमान दर ठरले ते असे : कला शाखा व तत्सम विषयांना २,००० पौंड, विज्ञानाला ३,००० आणि वैद्यकीय शिक्षणाच्या रुग्णालयातल्या वर्षांना ५,०००. युरोपीय समुदायातले विद्यार्थी यातून वगळले गेले. म्हणजे बोजा पडला तो मुख्यतः जुन्या साम्राज्यातल्या देशांवर.

या तीन आकड्यांत पुढच्या चाळीस वर्षांचा इतिहास दडलेला आहे. प्रयोगशाळा नसलेला, फळा, खडू आणि ग्रंथालय एवढ्यावर भागणारा विषय सर्वांत स्वस्त ठरला. हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, व्यवस्थापन हे सगळे त्याच स्वस्त गटातले. तीनशे मुलं एका सभागृहात बसवता येतात, एक प्राध्यापक पुरतो, आणि शिकून परत गेलेल्याला आपल्या देशात वैद्यक परिषदेसारखा कुठला परवाना काढावा लागत नाही. पूर्ण फी भरणारा विद्यार्थी हे एकदा उत्पन्नाचं साधन झालं की बिझनेसची पदवी त्या उत्पन्नाची मुख्य वाट होणार, हे तेव्हा कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. हिशेबातूनच ते आपोआप ठरलं.

आज 'इंटरनॅशनल फाउंडेशन इयर', 'पाथवे', 'डिप्लोमा ऑफ कॉमर्स' अशा नावांनी जाहिराती येतात. पुण्या-मुंबईच्या शैक्षणिक मेळाव्यांत त्यांची चकचकीत माहितीपत्रकं मिळतात. बारावी झालेल्या मुलाला परदेशी विद्यापीठाच्या बिझनेसच्या पदवीसाठी 'तयार' करणारं हे वर्ष. ते कुठून आलं, आणि ही तयारी नेमकी कशाची, हे पाहायचं तर १९७९च्याही थोडं मागे जावं लागतं.

*

परदेशी विद्यार्थ्याची 'तयारी' ही कल्पना इंग्लंडात प्रथम शिक्षणखात्यातून आली नाही, पोलिसी काळजीतून आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये शिकणाऱ्या हिंदी तरुणांची संख्या वाढत होती, आणि हायगेटच्या इंडिया हाऊसमध्ये त्यांतले काही काय बोलतात, काय वाचतात याची चिंता इंडिया ऑफिसला वाटू लागली होती. १९०७मध्ये ली-वॉर्नर समिती नेमली गेली. १९०९मध्ये हिंदी विद्यार्थ्यांसाठी माहिती कार्यालय आणि सल्लागार समिती सुरू झाली. त्याच वर्षी १ जुलैला मदनलाल धिंग्राने कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. पुढे २१, क्रॉमवेल रोड या घरात नव्याने उतरलेल्या विद्यार्थ्यांची तात्पुरती राहण्याची सोय झाली. तिथे सल्ला मिळे, खोली शोधायला मदत मिळे, आणि सोबत आपल्यावर नजर आहे ही जाणीवही मिळे. बरेचसे विद्यार्थी त्या पत्त्याकडे संशयानेच पाहत. ली-वॉर्नर समितीचा अहवाल इतका नाजूक मानला गेला की तो तब्बल पंधरा वर्षांनी, लिटन समितीच्या अहवालाला जोडून १९२२मध्ये प्रसिद्ध झाला.

हा तपशील इथे उगाच दिलेला नाही. बरोबर शंभर वर्षांनी, २००९मध्ये, ब्रिटनने विद्यार्थी व्हिसासाठी गुणांवर आधारित पद्धत आणली. तिच्यात परवाना असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला गैरहजर विद्यार्थ्याची खबर सरकारला देणं बंधनकारक झालं. शिकवणारा आणि नजर ठेवणारा यांच्यातली भिंत क्रॉमवेल रोडच्या घरातही पातळ होती आणि पुढेही ती फारशी जाड झाली नाही.

व्यापाराचं विद्यापीठीय शिक्षण त्याच काळात उभं राहत होतं. अमेरिकेत व्हार्टन स्कूल १८८१चं. इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठाने १९०२मध्ये विल्यम ॲश्ली यांच्या नेतृत्वाखाली वाणिज्य शाखा काढली. ॲश्ली टोरांटो आणि हार्वर्डला शिकवून परतलेले अर्थ-इतिहासकार होते. आपल्याकडे १९१३मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघालं, ते आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय मानलं जातं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि तिथल्या पगारातून शिल्लक टाकत, शाहू महाराजांची मदत घेत ते अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. त्या पिढीला 'फाउंडेशन' कुणी देत नव्हतं. लंडन विद्यापीठाने १८५८पासून बाहेरच्यांना परीक्षेची दारं उघडली होती, केंब्रिजच्या शालेय परीक्षा १८६०च्या दशकातच त्रिनिदादला पोचल्या होत्या. तयारी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा म्हणजे साम्राज्यभर एकच अभ्यासक्रम. मुलगा कोलंबोत वाढो की किंग्स्टनमध्ये, त्याने तोच शेक्सपिअर आणि तीच बीजगणिताची कूटं सोडवलेली असत. साम्राज्य होतं तोवर वेगळ्या तयारीची गरज नव्हती, कारण सगळी शाळाच त्या तयारीसाठी राबत होती.

'फाउंडेशन इयर' हा शब्द मात्र इंग्रजांनी स्वतःच्या मुलांसाठी घडवला. १९५०मध्ये उत्तर स्टॅफर्डशरच्या नव्या कॉलेजात, म्हणजे आजच्या कील विद्यापीठात, ए. डी. लिंडसे यांनी चार वर्षांची पदवी आखली. तिचं पहिलं वर्ष सर्वांना सारखं : विज्ञानाच्या मुलाने इतिहास ऐकायचा, साहित्याच्या मुलीने भूगर्भशास्त्र. सोळाव्या वर्षापासून तीनच विषयांत कोंडल्या जाणाऱ्या इंग्रज मुलांची नजर रुंद व्हावी हा हेतू. तोच शब्द तीसेक वर्षांनी नेमक्या उलट्या कामाला जुंपला गेला. बारावीपर्यंत सहा-सात विषय शिकलेल्या परदेशी मुलाला त्या तीन विषयांच्या बोळात बसवण्यासाठी.

याचं कारण इंग्रजी शिक्षणपद्धतीच्या घडणीत आहे. इंग्लंडातली पदवी तीन वर्षांची, पण ती 'ए लेव्हल' गृहीत धरते. ए लेव्हलच्या दोन वर्षांत मुलगा निवडक विषयांत आपल्या पदवीच्या पहिल्या वर्षाइतका खोल गेलेला असतो. थायलंड, व्हिएतनाम किंवा रशियातून शालान्त होऊन आलेला विद्यार्थी कितीही हुशार असला तरी या शिडीवर एक पायरी खाली उभा असतो. ती पायरी म्हणजे फाउंडेशन.

*

१९७९च्या निर्णयाचा सर्वांत जबर फटका बसला मलेशियाला. ब्रिटनमधल्या परदेशी विद्यार्थ्यांत तेव्हा सर्वाधिक मलेशियन होते. याला घरचं कारण होतं. १९६९च्या वांशिक दंगलीनंतर मलेशियाने १९७१पासून नवं आर्थिक धोरण राबवलं. सरकारी विद्यापीठांतल्या जागांत मलय समाजाचा वाटा मोठा झाला. चिनी आणि भारतीय वंशाच्या मध्यमवर्गाला घरात जागा अपुरी पडू लागली. चिनी समाजाने स्वतःचं 'मर्डेका विद्यापीठ' काढायचा प्रयत्न केला, सरकारने तो १९७८मध्ये नाकारला आणि १९८२मध्ये न्यायालयातही तो हरला. मग उरला परदेशाचा रस्ता. इपोह, पेनांगच्या दुकानदाराने रबर, कथील नाहीतर किराण्याच्या धंद्यातून साठवलेला पैसा मुलाच्या अकाउंटन्सीच्या पदवीवर घातला. सरकारही मलय मुलांना शिष्यवृत्त्या देऊन तिकडेच पाठवत होतं. दोघांचाही खर्च एका फटक्यात दुपटीच्या वर गेला.

महाथिर मोहम्मद जुलै १९८१मध्ये पंतप्रधान झाले. सप्टेंबरात मलेशियाच्या सरकारी गुंतवणूक कंपनीने लंडनच्या शेअर बाजारात एका सकाळी गथ्री ही मळेवाली ब्रिटिश कंपनी ताब्यात घेतली, आणि लंडनने लगेच असे सौदे अवघड करणारे नियम आणले. फीवाढीचा राग होताच, विमानसेवेच्या हक्कांचंही भांडण होतं. ऑक्टोबर १९८१मध्ये महाथिर यांनी जाहीर केलं : ब्रिटिश माल सर्वांत शेवटी घ्या. ब्रिटिश कंपनीला काम द्यायचं तर फाइल पंतप्रधानांच्या कार्यालयात, सोबत दुसऱ्या देशाची निविदा. विद्यापीठाच्या फीवरून दोन देशांत व्यापारयुद्ध पेटल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. १९८३च्या फेब्रुवारीत परराष्ट्रमंत्री फ्रान्सिस पिम यांनी तीन वर्षांसाठी ४ कोटी ६० लाख पौंडांच्या शिष्यवृत्त्या व सवलतींचं गाठोडं सोडलं, त्यातला काही वाटा मलेशियाचा. बहिष्कार उठला. फी मात्र तशीच राहिली.

आणि मग क्वालालंपूरच्या उपनगरांत, पेटालिंग जाया, सुबांग जाया अशा ठिकाणी, एक वेगळाच उद्योग रुजला. मलेशियाच्या कायद्याने खासगी कॉलेजांना स्वतःची पदवी देता येत नसे. १९८५च्या सुमाराला मंदी आली, रिंगिट घसरला, पालकांचे हात आखडले. तेव्हा खासगी कॉलेजांनी परदेशी विद्यापीठांशी करार केले : पहिलं वर्ष, किंवा पहिली दोन वर्षं, इथे शिकवू, उरलेलं तुमच्याकडे. पदवी तुमची. याला 'ट्विनिंग' म्हणू लागले, एक अधिक दोन, दोन अधिक एक. सुरुवातीला यांतली काही कॉलेजं दुकानांच्या वरच्या मजल्यांवर भरत. खाली नूडल्सची गाडी, वर डबल एंट्री बुककीपिंग. सर्वाधिक मागणी बिझनेस आणि हिशेबशास्त्रालाच, कारण प्रयोगशाळा उभारावी लागत नव्हती आणि पालकांना ती विद्या ओळखीची वाटत होती.

इंग्लंडच्या बाजूने १९८७मध्ये उत्तरेकडच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन 'नॉर्दर्न कन्सॉर्टियम' काढला, तोही प्रथम मलेशियन विद्यार्थ्यांना नजरेसमोर ठेवून. एकाच अभ्यासक्रमाची, एकाच परीक्षेची फाउंडेशन. ती पार केली की कन्सॉर्टियममधल्या कुठल्याही विद्यापीठाचं दार उघडं. केंब्रिजच्या शालेय परीक्षांनी एकेकाळी जे काम केलं तेच, फक्त आता साम्राज्याऐवजी कराराने.

*

या वर्षात शिकवतात तरी काय? बिझनेसच्या फाउंडेशनचं वेळापत्रक जगभर साधारण सारखंच असतं : शैक्षणिक इंग्रजी, गणित आणि संख्याशास्त्र, अर्थशास्त्राची ओळख, हिशेब, 'बिझनेस स्टडीज'. आपल्या बारावी कॉमर्सच्या मुलाला यातला निम्मा भाग पाहून हसू येईल. जर्नलमधली नोंद, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे त्याने 'पुस्तपालन आणि लेखाकर्म'मध्ये घोटलेलं असतं. नावेची बाजू आणि जमेची बाजू लीड्समध्येही बदलत नाही.

अडतं ते प्रश्नाच्या क्रियापदात. महाराष्ट्र बोर्डाची प्रश्नपत्रिका म्हणते : फरक स्पष्ट करा, टिपा लिहा, खालील विधाने सकारण स्पष्ट करा. या शेवटच्या प्रकारात विधान बरोबरच आहे हे मुलाला आधीच ठाऊक असतं. कारणांचे मुद्दे मांडले की गुण. इंग्रजी विद्यापीठाची प्रश्नपत्रिका म्हणते 'डिस्कस', 'इव्हॅल्युएट', 'टू व्हॉट एक्स्टेंट'. म्हणजे कितपत? उत्तर कुणालाच ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. दोन्ही बाजू मांडायच्या, मग आपलं मत, आणि ते मत कुणाच्या आधारावर हे तळटीपेत. चाळीस मुद्दे पाठ असलेला मुलगा तिथे अडखळतो, आणि तो अडखळला की मास्तरांना वाटतं याचं इंग्रजी कच्चं आहे.

इंग्रजी कच्चं की आणखी काही, या प्रश्नावर काही शिक्षकांनी आयुष्य घातलं, आणि मला या सगळ्या इतिहासातले तेच लोक सर्वांत आवडतात. १९७२मध्ये ब्रिटनमधल्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या मूठभर शिक्षकांनी 'सेल्मस' नावाचा एक गट बांधला; आपापली साहित्यसामग्री वाटून घेणं हा त्याचा साधा हेतू. विद्यापीठांत या शिक्षकांना फारशी किंमत नव्हती. बर्मिंगहॅमला टोनी डडली-इव्हान्स आणि टिम जॉन्स यांनी १९८०च्या आसपास एक साधा प्रयोग केला. विषयाच्या प्राध्यापकाचं व्याख्यान ध्वनिमुद्रित करायचं, आणि नंतर परदेशी विद्यार्थी, भाषेचा शिक्षक आणि तो प्राध्यापक अशा तिघांनी एकत्र बसून ते ऐकायचं. कुठे निसटलं? कळलं असं, की पारिभाषिक शब्द निसटत नव्हते. ते पुस्तकात असतातच. निसटत होते ते प्राध्यापकाचे विनोद, बोलीतले शब्द, मध्येच घेतलेली वळणं, आणि 'हे महत्त्वाचं', 'हे सोडून द्या' असं सुचवणारे आवाजातले चढउतार. आणि प्राध्यापकालाही प्रथमच कळत होतं की आपण कसं बोलतो. तयारी दोघांची व्हायला हवी, एवढं त्या खोलीत उघड झालं होतं. ही पद्धत सर्वत्र का पसरली नाही? तीन माणसांचा वेळ लागतो म्हणून. एवढंच.

भाषापरीक्षेची कहाणी याच अंगाने पाहण्यासारखी आहे. ब्रिटिश कौन्सिल आणि केंब्रिज यांनी १९८०मध्ये जी चाचणी आणली तिच्यात सहा वेगवेगळे विषयगट होते. डॉक्टर होणाऱ्याला वैद्यकातला उतारा, समाजशास्त्राच्या मुलाला त्याच्या विषयातला. १९८९मध्ये ऑस्ट्रेलिया सामील होऊन तिची 'आयेल्ट्स' झाली तेव्हा विषयगट तीनवर आले, त्यांतला एक 'बिझनेस आणि समाजशास्त्रं'. म्हणजे काही वर्षं जगात बिझनेसच्या विद्यार्थ्यासाठी वेगळी आयेल्ट्स होती. १९९५मध्ये तीही गेली, सगळ्यांना एकच 'ॲकॅडेमिक' पेपर. परीक्षा घेणाऱ्यांच्या बाजूने कारणं होती : विषयवार पेपर काढणं किचकट, आणि त्याने निकालात फारसा फरक पडत नाही असं दिसलेलं. पण परीक्षेला बसणारे वाढत गेले तशी परीक्षा एकसाची होत गेली, ही गोष्टही तितकीच खरी.

संस्कृतीचा मुद्दा सर्वांत निसरडा. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत ब्रिजिड बॅलार्ड आणि जॉन क्लँची यांनी १९८४मध्ये आशियाई विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. त्यांची मांडणी अशी की आशियातल्या शाळा ज्ञान जपायला शिकवतात आणि पाश्चात्त्य विद्यापीठ ते पुढे वाढवायला सांगतं. विद्यार्थ्याने एका वृत्तीतून दुसरीत जायचं असतं. हेतू चांगला होता, आणि पुस्तकाचा पुष्कळांना उपयोगही झाला. पण हीच मांडणी हळूहळू 'आशियाई मुलं घोकंपट्टी करतात' या सोप्या वाक्यात घट्ट बसली. मग हाँगकाँगला शिकवणाऱ्या जॉन बिग्ज यांच्यासारख्या अभ्यासकांनी विचारलं, घोकंपट्टीच असेल तर हीच मुलं गणितात इतकी पुढे कशी? १९९६मध्ये डेव्हिड वॉटकिन्स आणि बिग्ज यांनी संपादित केलेल्या 'द चायनीज लर्नर'मध्ये दाखवलं गेलं की पाठांतर हे समजण्याचं साधनही असू शकतं : म्हणत म्हणत अर्थ उकलतो. पावकी-निमकी म्हणत हिशेब शिकलेल्यांच्या नातवंडांना हे वेगळं सांगायला नको.

पाठ्यपुस्तकांतल्या उदाहरणांबद्दलही हेच. 'ग्राहकनिष्ठा' हा धडा इंग्लंडातल्या सुपरमार्केटच्या कार्डावरून शिकवतात. ते कार्ड ज्याने पाहिलं नाही तो विद्यार्थी मागे पडतो, त्याला कल्पनाच कळलेली नाही असं समजलं जातं. प्रत्यक्षात कोपऱ्यावरच्या वाण्याची वही, महिन्याअखेर चुकता होणारा हिशेब आणि दिवाळीला हातावर ठेवलेला पुडा यांवर त्याला त्याच विषयाचं उत्तम उत्तर लिहिता आलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

*

ऑस्ट्रेलियात हा प्रवास मदतीकडून बाजाराकडे झाला, आणि तो फार झटपट झाला. १९५०च्या कोलंबो योजनेतून आशियाई विद्यार्थी तिथे शिकायला येत. तेव्हाच्या 'गोऱ्यांच्या' देशात कित्येक घरांनी पहिला आशियाई पाहुणा पाहिला तो त्यांच्या रूपाने. १९८४मध्ये सरकारने नेमलेल्या दोन समित्यांनी एकाच वर्षी परस्परविरोधी अहवाल दिले. गोल्डरिंग समितीचं म्हणणं, परदेशी विद्यार्थी ही मदत आहे, ती तशीच ठेवा. जॅक्सन समितीचं म्हणणं, शिक्षण ही निर्यात होऊ शकते. सरकारने जॅक्सनचं ऐकलं. १९८५मध्ये पूर्ण फीचं धोरण आलं आणि १९९०पासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांना तोच एक मार्ग उरला.

पहिलं पीक इंग्रजीच्या खासगी वर्गांचं आलं आणि ते किडलंही लवकर. दशक संपता संपता बरीच कॉलेजं बुडाली, मुख्यतः चिनी विद्यार्थ्यांचे आगाऊ भरलेले पैसे सरकारला परत करावे लागले, आणि १९९१मध्ये नियमनाचा कायदा करावा लागला. यातून धडा घेऊन पुढचा डाव मांडला गेला तो विद्यापीठाच्या आवारातच. १९९४मध्ये पर्थला एडिथ कोवन विद्यापीठाच्या साथीने 'पर्थ इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस अँड टेक्नॉलॉजी' सुरू झाली. नावातच बिझनेस. कल्पना साधी होती, आणि मान्य करायला हवं की हुशारीची होती : फाउंडेशन नव्हे, थेट पदवीचं पहिलं वर्षच डिप्लोमा म्हणून शिकवायचं. लहान वर्ग, वर्षात जास्त सत्रं, जास्त तास. उत्तीर्ण झाला की विद्यार्थी विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षात. विद्यार्थ्याचं वर्ष वाया जात नाही, विद्यापीठाला आयते विद्यार्थी मिळतात, कंपनीला फीतला वाटा. दहा वर्षांत, २००४मध्ये, ही कंपनी ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात नोंदली गेली. २००७मध्ये तिने नाव घेतलं 'नॅव्हिटास', आणि ब्रिटन-कॅनडापर्यंत ती पसरली. २००५नंतर ब्रिटनमध्ये 'इंटू' ही कंपनी विद्यापीठांशी भागीदारीत केंद्रं काढू लागली. प्राध्यापकांच्या संघटनेने विरोध केला. शिक्षक विद्यापीठाचे नोकर राहत नाहीत, पगार आणि सुरक्षा घटते, दर्जावर कुणाचा हात आहे ते कळेनासं होतं, असं तिचं म्हणणं होतं. तो आक्षेप मला आजही रास्त वाटतो. त्याच वेळी हेही खरं की कित्येक विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या तीनशेच्या वर्गापेक्षा या केंद्रांतले पंचवीसचे वर्ग विद्यार्थ्याला जास्त शिकवत होते.

भारतीय मुलं या वाटेवर मोठ्या संख्येने आली ती जरा उशिरा, आणि वेगळ्या दाराने. आपली बारावी बहुतेक ब्रिटिश विद्यापीठांना चालते, मग आपल्या मुलांना 'प्री-मास्टर्स' जास्त लागू लागलं. बी.कॉम. तीन वर्षांचं, अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांना सोळा वर्षांचं शिक्षण हवं. तिथे आपला पदवीधर एक वर्ष कमी भरतो. इंग्रजीच्या बाबतीत काही विद्यापीठं केंद्रीय मंडळाचे बारावीचे गुण ग्राह्य धरतात आणि काही राज्यमंडळांचे धरत नाहीत. साताऱ्याची मराठी माध्यमातून शिकून कॉमर्सला पहिली आलेली मुलगी आणि पुण्यातल्या केंद्रीय मंडळाच्या शाळेतला बेताचा मुलगा यांच्यात कोणाला 'तयारी' लागणार हे अशा तक्त्यांवरून ठरतं.

२००९मध्ये ऑस्ट्रेलियात भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, ३१ मे रोजी मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोर हजारो जण रस्त्यावर उतरले. हल्ल्यांच्या बातम्यांत एक गोष्ट मागे पडली. त्यांतले बरेच जण विद्यापीठात नव्हतेच. स्वयंपाक, केशकर्तन किंवा धंद्याच्या व्यवस्थापनाचे डिप्लोमे देणाऱ्या छोट्या खासगी कॉलेजांत होते, कारण त्या डिप्लोम्यांनी कायम निवासाची वाट सोपी होत होती. नियम बदलले आणि अशी अनेक कॉलेजं एकामागून एक बंद पडली. घराकडची जमीन गहाण टाकून आलेल्या मुलाच्या हातात अर्धवट डिप्लोमा आणि रात्रपाळीची टॅक्सी उरली.

*

पुण्याने हीच गोष्ट उलट्या बाजूने पाहिली आहे. साठच्या-सत्तरच्या दशकांत इराणी, अरब, आफ्रिकी आणि मॉरिशसची मुलं पुण्याच्या कॉलेजांत दिसत, आणि त्यांतली पुष्कळ कॉमर्सला असत. फर्ग्युसनमधले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचे रेक्टर होते. कावीळ झालेल्या एका मॉरिशसच्या विद्यार्थ्याला खिडकीतून जेवण दिलं जात असल्याचं त्यांनी पाहिलं, तिथून परदेशी विद्यार्थ्यांच्या एकटेपणाचा विचार डोक्यात शिरला, असं ते अनेकदा सांगत आले आहेत. १९७१मध्ये त्यांनी सिंबायोसिस काढली, ती परदेशी विद्यार्थ्यांचं केंद्र म्हणून; सिंबायोसिसची व्यवस्थापनसंस्था नंतरची, १९७८ची. संस्थेचं नावही वनस्पतिशास्त्रातलं, सहजीवन या अर्थाचं.

म्हणजे इथे क्रम वेगळा होता. आधी जेवण, राहणं, आजारपण, मग इंग्रजी, बिझनेसची पदवी सर्वांत शेवटी. अर्थात पुणेकरांनी सगळ्यांना सहजीवनाने वागवलं असं कुणी म्हणू नये. 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्यांखाली काय अटी असत, आणि आफ्रिकी मुलांना कोणत्या नजरा झेलाव्या लागत, हे त्या काळात पुण्यात राहिलेल्यांना माहीत आहे. विद्यार्थ्याला शहरासाठी तयार करणाऱ्या संस्था निघाल्या, शहराला विद्यार्थ्यासाठी तयार करणारी निघाली नाही. बर्मिंगहॅमच्या त्या तिघांच्या खोलीत जे अर्धं काम राहिलं तेच इथेही राहिलं.

*

मलेशियाने १९९६मध्ये खासगी उच्चशिक्षणाचा कायदा केला. १९९७च्या आशियाई आर्थिक संकटात रिंगिट कोसळल्यावर 'दोन अधिक एक'चं 'तीन अधिक शून्य' झालं : परदेशी पदवी, पण सगळी वर्षं घरीच. १९९८मध्ये मोनॅश विद्यापीठाने तिथे आपली शाखा उघडली, २०००मध्ये नॉटिंगहॅमने. इंडोनेशिया, बांगलादेश, आफ्रिकेतून मुलं बिझनेसच्या फाउंडेशनसाठी आता क्वालालंपूरला येतात. ज्यांच्यासाठी हे वर्ष शोधलं गेलं तेच आता ते विकतात.

इकडे मूळ बाजारपेठा आखडू लागल्या आहेत. ब्रिटनने जानेवारी २०२४पासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत आणायला मनाई केली. ऑस्ट्रेलियाने २०२५साठी नव्या परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा २ लाख ७० हजारांवर बांधला. आणि विद्यापीठं स्वतःच निघाली. साउदॅम्प्टनचं गुरुग्राममधलं केंद्र २०२५च्या ऑगस्टात सुरू झालं. पहिल्या अभ्यासक्रमांत बिझनेस मॅनेजमेंट, हिशेब आणि वित्त. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत पाच परदेशी विद्यापीठांना नवी मुंबईत येण्यासाठी इरादापत्रं दिली गेली : ॲबर्डीन, यॉर्क, इलिनॉय टेक, इटलीची एक डिझाइन संस्था, आणि पर्थचं युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया. तिथे प्रवेश घेणारी पनवेलची मुलगी परदेशी विद्यार्थी असणार नाही. 'टू व्हॉट एक्स्टेंट'चा प्रश्न मात्र तिच्या पेपरात पहिल्याच सत्रात येईल, आणि त्याआधीचं वर्ष कुणी शिकवायचं हे त्या पत्रांत लिहिण्याची रीत नाही.